थ्रेड मेला, लॉक राहिला : दूध संकलनाच्या एका सर्व्हरचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका दूध संघाच्या संकलन केंद्रांवरून येणाऱ्या नोंदी गोळा करणारा हा सर्व्हर. संघ, गावे आणि सॉफ्टवेअर सांभाळणारी कंपनी यांची नावे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, तांत्रिक भागाला मात्र हात लावलेला नाही.

केंद्रावर सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन पाळ्यांत दूध येते. काट्यावर लिटर, ॲनालायझरवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले दुधातले घन घटक). हे तीन आकडे यंत्र मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवते, सर्व्हर दरपत्रकातून रक्कम काढून परत पाठवतो आणि उत्पादकाच्या हातात छापील पावती पडते. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून ठरतो; एखादा पॉइंट इकडेतिकडे झाला की रक्कम बदलते. दहा दिवसांचे बिल याच नोंदींवर निघते. सर्व्हर उत्तर देईना की रांग थांबते, सचिव हाताने चिठ्ठ्या लिहायला बसतो आणि टँकर उभा राहतो.

सर्व्हरचा कोड जुन्या सी-वळणाचा. मुळात विंडोजवर लिहिलेला, पुढे लिनक्सवर आणलेला. प्रत्येक केंद्राच्या जोडणीला एक थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या आत इतरांबरोबर समांतर चालणारे एक काम. प्रत्येक केंद्राच्या माहितीला स्वतःचे लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत जाऊ देणारे) आणि सगळ्या केंद्रांच्या यादीला एक वेगळे लॉक. संदेश आला की थ्रेड यादीचे लॉक क्षणभर घेऊन आपले केंद्र शोधतो, ते सोडतो, मग केंद्राचे लॉक घेऊन नोंद वाचतो. याशिवाय दर दहा मिनिटांनी उठणारा एक बेरजेचा थ्रेड. तो यादीचे लॉक हातात ठेवूनच एकेका केंद्राचे लॉक घेत पुढे जातो. हा शेवटचा तपशील लक्षात असू द्या.

विंडोजवर प्रत्येक थ्रेडभोवती अपवाद पकडण्याची सोय गुंडाळलेली होती: एका थ्रेडने नको त्या मेमरीला हात लावला तर तेवढा थ्रेड बंद, बाकीचे चालू. लिनक्सवर अशा वेळी अख्खी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला सगळा प्रोग्रॅमच, मरते. त्यामुळे कोड हलवताना कुणीतरी सेगमेंटेशन फॉल्टचा, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याचा, सिग्नल पकडणारे फंक्शन (हँडलर) लिहिले. हा हँडलर लॉगमध्ये एक ओळ टाकून पीथ्रेड एक्झिट करत असे, म्हणजे तेवढा थ्रेड संपवत असे. ती ओळ होती, ‘थ्रेड बंद केला, सेवा चालू आहे’.

अडचण

थंडीत दूध वाढले तसा सर्व्हर सकाळच्या पाळीत अडकू लागला. प्रोसेस जिवंत, पोर्ट उघडे, देखरेखीच्या पडद्यावर सगळे हिरवे, सीपीयू जवळजवळ रिकामा. केंद्राची जोडणी लागत होती पण उत्तर येत नव्हते. यंत्रे थोड्या वेळाने जोडणी तोडून नव्याने लावायची, प्रत्येक नव्या जोडणीला नवा थ्रेड, तोही अडकलेला. थ्रेडची संख्या तेवढी चढत जायची. मग कुणीतरी प्रोसेस मारून पुन्हा सुरू करायचे आणि संध्याकाळपर्यंत निभावून जायचे.

संशय पहिल्यांदा नेटवर्कवर गेला, मग डेटाबेसवर. लॉगमधली ‘सेवा चालू आहे’ ही ओळ सगळ्यांनी पाहिलेली होती, पण सर्व्हर अडकायच्या कधी दोन मिनिटे तर कधी आठ मिनिटे आधी ती दिसायची, त्यामुळे तिचा याच्याशी संबंध असेल असे कुणाला वाटले नाही. शिवाय ती ओळ स्वतःच तर सांगत होती की सगळे ठीक आहे.

काय सापडले

पुढच्या वेळी सर्व्हर अडकला तेव्हा लगेच मारायचा नाही, आधी पाच मिनिटे बघायचे, एवढी परवानगी संघाकडून मिळवावी लागली. ऐन पाळीत पाच मिनिटे मागणे सोपे नसते. जीडीबी हे चालू प्रोग्रॅम तपासायचे साधन जोडून सगळ्या थ्रेडचे स्टॅक, म्हणजे कोण कुठल्या फंक्शनमध्ये आहे याची यादी, काढले. जवळजवळ प्रत्येक थ्रेड यादीच्या लॉकसाठी थांबलेला. ते लॉक बेरजेच्या थ्रेडकडे, आणि बेरजेचा थ्रेड स्वतः एका केंद्राच्या लॉकसाठी थांबलेला.

मग त्या केंद्राचे लॉक कुणाकडे? ही लॉक म्हणजे लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीची म्यूटेक्स, आणि त्यांत मालक थ्रेडचा क्रमांक साठवलेला असतो. तो छापला आणि प्रॉक फाइलसिस्टीममधल्या टास्क यादीत, म्हणजे चालू थ्रेडच्या यादीत, शोधला. त्या क्रमांकाचा थ्रेडच नव्हता. लॉगमध्ये मात्र तोच क्रमांक चार मिनिटांपूर्वीच्या ‘थ्रेड बंद केला’ या ओळीत होता.

साखळी आता सरळ दिसली. थ्रेड केंद्राचे लॉक हातात असताना कोसळला. हँडलरने त्याला निरोप दिला, पण थ्रेड संपला म्हणून साधे म्यूटेक्स आपोआप सुटत नाही. घरमालक गेला तरी दाराचे कुलूप तसेच राहावे, तसे. सुरुवातीला फक्त तेच एक केंद्र अडकायचे. तिथला सचिव यंत्र बंद-चालू करायचा, त्याचा नवा थ्रेडही त्याच लॉकवर जाऊन बसायचा. पुढच्या दहा मिनिटांत केव्हातरी बेरजेचा थ्रेड फेरीवर निघायचा, त्या केंद्रापाशी थांबायचा आणि यादीचे लॉक त्याच्या हातात असल्यामुळे सगळा संघ थांबायचा.

वाटेत आणखी एक गोष्ट आढळली. हँडलर लॉगची ओळ नेहमीच्या छपाईच्या फंक्शनने लिहीत होता. सिग्नल हँडलरमधून जी मोजकी फंक्शन्स बिनधोक बोलावता येतात त्यांत ते नाही, आणि पीथ्रेड एक्झिटही नाही. थ्रेड मॅलॉक या मेमरी मिळवून देणाऱ्या फंक्शनच्या आत असताना कोसळला आणि छपाईला मेमरी लागली, तर हँडलर स्वतःच तिथे अडकून बसतो. म्हणजे काही वेळा ती ओळसुद्धा उमटलेली नसणार.

पर्याय

पहिला पर्याय व्यवस्थापनाला आवडणारा होता: लॉकसाठी मुदत घालायची आणि ठरावीक सेकंदांत मिळाले नाही तर जबरदस्तीने उघडायचे. बदल लहान, एका दिवसात होणारा. पण दुसऱ्याने घेतलेले साधे म्यूटेक्स तिसऱ्याने उघडणे पॉझिक्स या युनिक्स-वळणाच्या प्रणालींच्या मानकाच्या नियमांत बसत नाही. काय होईल याची हमी नाही. शिवाय मुदत संपली याचा अर्थ मालक मेला असा होत नाही. डेटाबेस मंद असेल तर जिवंत थ्रेडच्या हातातूनही लॉक हिसकावले जाईल. हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाला.

दुसऱ्यावर मात्र बराच खल झाला. ‘रोबस्ट’ म्यूटेक्स ही सोय पॉझिक्सच्या २००८ च्या आवृत्तीत आली. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तिचा पाया २००६ मध्ये, २.६.१७ पासून होता. लॉक हातात असलेला थ्रेड मेला तर कर्नल तशी खूण करतो आणि पुढे लॉक मागणाऱ्याला लॉक तर मिळतेच, शिवाय ‘ईओनरडेड’ (आधीचा मालक मेला) हा कोडही मिळतो. मग आतला डेटा नीट करायचा आणि लॉक पुन्हा ‘कन्सिस्टंट’ (सुसंगत) म्हणून जाहीर करायचे. तसे न करता सोडले तर ते कायमचे निकामी होते.

ऐकायला हेच हवे होते. प्रश्न होता ‘डेटा नीट करायचा’ या तीन शब्दांचा. कुणी आणि कसा? नोंदीचे लिटर लिहून झाले, फॅट लिहायचे राहिले आणि थ्रेड मेला, तर पुढच्या थ्रेडने फॅट कुठून आणायचे? जोडण्यांच्या साखळीतला एक दुवा अर्धा बदललेला असेल तर तो ओळखायचा कसा? जावा या भाषेने थ्रेड बाहेरून थांबवण्याची सोय १९९८ मध्ये, १.२ आवृत्तीत याच कारणासाठी नापसंत ठरवली: तिथे लॉक आपोआप सुटत होते, पण आतला माल अर्धवट उघडा पडत होता. २०२३ च्या जेडीके २० या आवृत्तीत तर ती हाक मारली की नुसता अपवाद मिळेल असे केले. लॉक अडकून राहण्यापेक्षा लॉक सुटून चुकीचा डेटा पुढे जाणे जास्त वाईट, निदान जिथे त्या डेटावर बिल निघते तिथे तरी.

निर्णायक मुद्दा वेगळाच निघाला. आपली सगळी लॉक रोबस्ट केली तरी मॅलॉकच्या पोटातली लॉक तशी नसतात. ती आपल्या हातात नाहीत. मेमरी बिघडल्यामुळे कोसळणारा थ्रेड पुष्कळदा मॅलॉक किंवा मेमरी परत करणाऱ्या फ्रीमध्येच कोसळतो. तिथे मेला की त्या मेमरी-विभागावर अवलंबून असलेले सगळे थ्रेड खोळंबले.

तिसरा पर्याय म्हणजे हँडलर काढून टाकायचा, अख्खी प्रोसेस मरू द्यायची आणि सिस्टीमडीने, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने, ती पुन्हा उठवायची. यावर टीममधल्या सगळ्यात जुन्या माणसाचा आक्षेप होता आणि तो उगाच नव्हता: एका केंद्राच्या चुकीसाठी सगळ्यांना का मारायचे? सध्या निदान काही मिनिटे तरी बाकीचे चालतात.

चौथा पर्याय या आक्षेपातूनच आला: तालुक्यागणिक वेगळी प्रोसेस, म्हणजे एक पडली तरी बाकीच्या उभ्या. याला दाखला म्हणून पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे नाव निघाले, कारण तिथे प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रोसेस असते. पण तो दाखला उलटाच पडला. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये जोडणीची अशी एक प्रोसेस (बॅकएंड) कोसळली की मुख्य प्रोसेस बाकीच्या सगळ्या बॅकएंडनाही बंद करते, सामायिक मेमरी नव्याने मांडते आणि लॉगवरून डेटा सावरून मगच दार उघडते. जिथे प्रोसेस वेगळ्या असूनही सामायिक मेमरीवर भरवसा ठेवत नाहीत, तिथे सगळी मेमरी सामायिक असलेल्या थ्रेडमध्ये आपण कशाच्या जोरावर ठेवणार? यानंतर तिसऱ्या पर्यायावरचा वाद जवळपास संपला. प्रोसेस वेगळ्या करण्याचे काम चांगले होते, पण दुधाचा पुष्टकाळ सरल्यावर करण्याजोगे.

केलेली कामे

हँडलर काढणे हे दोन ओळींचे काम. पण ते सगळ्यात शेवटी करायचे ठरले, आणि या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय मला तोच वाटतो. सर्व्हर नोंद मिळताच यंत्राला पोच द्यायचा, मात्र डेटाबेसमध्ये नोंदी गठ्ठ्याने लिहायचा. मधल्या वेळात नोंद फक्त मेमरीत. प्रोसेस मेली तर पोच दिलेल्या नोंदी गायब, आणि यंत्राने पोच मिळाली म्हणून आपल्याकडची प्रत पुसलेली. ‘थ्रेड मारा, सर्व्हर जगवा’ हे मूळ धोरण बहुधा याच भीतीतून आले असावे.

म्हणून आधी पोच मागे नेली. नोंद आली की एका पुढे वाढत जाणाऱ्या फाइलमध्ये लिहायची, ती डिस्कवर पक्की झाली की मगच पोच. दरवेळी डिस्कची वाट पाहायला लागू नये म्हणून काही मिलिसेकंदांत आलेल्या नोंदी एकत्र पक्क्या करायच्या. पोच वाटेत हरवली तर यंत्र तीच नोंद पुन्हा पाठवणार. तिच्यासाठी केंद्र क्रमांक, तारीख, पाळी आणि नोंद क्रमांक मिळून डेटाबेसमध्ये एकमेव निर्देशांक बसवला, म्हणजे तीच नोंद दोनदा बसणार नाही. दुसऱ्यांदा आलेली नोंद शांतपणे गिळायची आणि आधीचीच रक्कम परत द्यायची.

त्यानंतर सिस्टीमडी. नापास होऊन थांबल्यास पुन्हा सुरू करण्याची सोय सरळ आहे, पण तिची मूळ मर्यादा दहा सेकंदांत पाच प्रयत्नांची असते. सुरू होतानाच कोसळणारी प्रोसेस ती मर्यादा क्षणात ओलांडते आणि मग सिस्टीमडी नाद सोडते. दोन प्रयत्नांमध्ये दोन सेकंदांचे अंतर ठेवले.

वॉचडॉगवर, म्हणजे ठरावीक वेळेत खूण आली नाही तर प्रोसेस मारणाऱ्या सोयीवर, एक छोटा वाद झाला. मी जिवंत आहे असे सिस्टीमडीला सांगायचे काम सुरुवातीला एका वेगळ्या, रिकाम्या थ्रेडला दिले होते. असा थ्रेड बाकी सगळे अडकले तरी आनंदाने सांगत राहील. देखरेखीचा पडदा हिरवा राहत होता तोही अशाच कारणाने, तो फक्त पोर्ट उघडे आहे का एवढेच बघायचा. बदल असा केला की एका खोट्या केंद्राच्या नावाने एक नोंद नेहमीच्याच वाटेने, सगळ्या लॉकमधून जाईल. तिचे उत्तर आले तरच वॉचडॉगला खूण. उत्तर नाही आले तर सिस्टीमडी प्रोसेसला अबॉर्ट सिग्नल देते, कोअर फाइल (मरतानाच्या मेमरीची प्रत) पडते आणि नवी प्रोसेस उठते.

हे सगळे चाचणीत चालल्यावर हँडलर काढला.

पहिला खरा क्रॅश

तो लगेचच झाला. प्रोसेस मेली, कोअर फाइल पडली, नवी प्रोसेस दोन सेकंदांनी उठली आणि सुरू होतानाच अडकली. वॉचडॉगने तिला मारले, पुढचीही तशीच अडकली.

प्रोसेस मरते तेव्हा कर्नल तिची मेमरी, उघड्या फाइली, सॉकेट, फाइलींवरची लॉक सगळे परत घेतो. सामायिक मेमरीचा तुकडा मात्र नाव मिळालेला असतो. कुणी पुसेपर्यंत तो राहतो. दरपत्रक अशाच तुकड्यात होते, कारण अहवाल काढणारा एक वेगळा प्रोग्रॅम तिथूनच दर वाचायचा. त्याच तुकड्यात दोन प्रोसेसमध्ये चालणारे म्यूटेक्सही होते. कोसळलेल्या थ्रेडचा त्याच्याशी संबंधच नव्हता. पण प्रोसेस मेली त्या क्षणी दुसराच एक थ्रेड ते लॉक घेऊन दर बघत होता, आणि तोही तिथेच संपला. आधी हे कधी दिसले नव्हते, कारण तेव्हा माणसे प्रोसेस मारायची ती अडकून पडल्यावर. तेव्हा सगळे थ्रेड दुसरीकडेच थांबलेले असत, या लॉकवर कुणी नसे.

इथे मात्र रोबस्ट म्यूटेक्स अचूक बसले. दरपत्रकाची मूळ प्रत डेटाबेसमध्ये होती. ‘ईओनरडेड’ मिळाला की सर्व्हर ते पुन्हा तिथून भरतो आणि लॉक कन्सिस्टंट करतो. अहवालाच्या प्रोग्रॅमला तो कोड मिळाला तर त्याने काही दुरुस्त न करता मूळ प्रत वाचायची आणि सर्व्हरला कळवायचे. सुरू होताना म्यूटेक्स नव्याने मांडावे अशीही सूचना होती, पण तेव्हा अहवालाचा प्रोग्रॅम त्याच लॉकवर थांबलेला असू शकतो, म्हणून ती मागे पडली.

मूळ कारण

कोअर फाइल पहिल्यांदाच हातात आली होती. हँडलर इतकी वर्षे प्रत्येक पुरावा गिळत आला होता. कोसळलेल्या थ्रेडच्या स्टॅकवर नोंदीचे तुकडे पाडणारे फंक्शन होते आणि त्यात स्ट्रटॉक, सी लायब्ररीतले मजकूर तोडणारे तयार फंक्शन. थ्रेडच्या बफरमध्ये, म्हणजे संदेश ठेवायच्या मेमरीत, एका केंद्राचा संदेश, तर हातातला तुकडा भलत्याच केंद्राच्या बफरकडे बोट दाखवणारा, आणि तो बफर केव्हाच मोकळा केलेला.

स्ट्रटॉक आपण कुठवर आलो हे स्वतःकडे लक्षात ठेवते. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत ही आठवण प्रत्येक थ्रेडची वेगळी असते. ग्लिबसीत ती सगळ्या प्रोसेसची मिळून एकच. विंडोजवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला कोड लिनक्सवर येताच दोन थ्रेडमध्ये एकमेकांची वाक्ये तोडू लागला, तेही फक्त तेव्हा, जेव्हा दोन नोंदी अगदी एकाच क्षणी येतात. म्हणून सकाळची पाळी, म्हणून थंडी.

उपाय एका शब्दाचा, स्ट्रटॉक_आर; त्यात ही आठवण बोलावणाऱ्याकडेच राहते. पण त्याआधी एक वाईट शंका उभी राहिली. तुकडा मोकळ्या केलेल्या मेमरीत गेला तर प्रोसेस कोसळते. तो दुसऱ्या केंद्राच्या जिवंत संदेशात गेला तर काहीच कोसळत नाही. एकाच्या लिटरला दुसऱ्याचे फॅट लागते. फॅट चांगले लागूनही रक्कम कमी आल्याच्या काही उत्पादकांच्या तक्रारी संघाकडे होत्या. ॲनालायझरचे कॅलिब्रेशन तपासून त्या बंद केल्या होत्या. यंत्रांच्या मेमरीत जेवढ्या जुन्या पावत्या शिल्लक होत्या तेवढ्या सर्व्हरच्या नोंदींशी ताडल्या, तेव्हा पावतीवर एक फॅट आणि हिशेबात दुसरेच अशा नोंदी खरोखर सापडल्या. चालू दहा दिवसांचे बिल थांबवून दुरुस्त झाले. त्याआधीच्या पावत्या यंत्रांवर उरलेल्या नव्हत्या. ज्यांच्याकडे कागद होता त्यांची तक्रार पुन्हा उघडली.

परिणाम

स्ट्रटॉक गेल्यावर सकाळचे अडकणे थांबले. त्याच झडतीत लोकलटाइम या वेळ काढणाऱ्या फंक्शनचाही तसाच वापर सापडला आणि बदलला. पुढे एकदा ॲनालायझरच्या नव्या मॉडेलने लांबलचक संदेश पाठवला आणि सर्व्हर पडला, तेव्हा केंद्रांना एक छोटा थांबा जाणवला, पोच दिलेली एकही नोंद हरवली नाही आणि कोअर फाइलवरून दुरुस्ती त्याच दिवशी गेली. नवी तक्रार निघाली ती वेगळीच: प्रोसेस उठली की सगळी केंद्रे एकदम धावून येतात. यंत्रांच्या फर्मवेअरमध्ये पुन्हा जोडणीचे अंतर सगळीकडे सारखेच होते. त्यात थोडा फरक टाकून घ्यावा लागला.

वेगळे काय करता आले असते

वॉचडॉग आणि कोअर फाइल ही दोन कामे पोच मागे नेण्याच्या आधीही करता आली असती. हँडलर जागेवर ठेवूनही त्याला शेवटी प्रोसेस अबॉर्ट करायला लावता येते, निदान चाचणीच्या यंत्रावर. तसे केले असते तर मूळ कारण लवकर दिसले असते आणि चुकीची बिलेही कमी निघाली असती. नोंदी हरवण्याची भीती खरी होती, म्हणून प्रत्यक्ष सर्व्हरवर क्रम बदलावा असे मी म्हणणार नाही. चाचणीच्या यंत्रावर एकाच वेळी शंभर खोटी केंद्रे चालवायला मात्र कुणाची हरकत नव्हती. चाचणी नेहमी एकाच केंद्राने होत आली होती, आणि एका केंद्राने हा दोष जन्मात दिसला नसता.

क्रॅशची चाचणीही सोयीची होती: थ्रेड शांत असताना प्रोसेस मारायची आणि ती उठते का पाहायचे. भर वर्दळीत, कुठल्याही क्षणी, पुन्हा पुन्हा मारून पाहिले असते तर सामायिक मेमरीतले लॉक चाचणीतच पकडले गेले असते. आता रोज रात्री तसे मारले जाते.

आणि ती सामायिक मेमरी. अहवालाचा प्रोग्रॅम दिवसातून मोजक्या वेळा चालतो आणि डेटाबेसमधून दर वाचू शकतो, हे बैठकीत कुणीतरी म्हणालेही होते. घाईत म्यूटेक्स दुरुस्त झाले, तुकडा राहिला. तालुक्यागणिक प्रोसेस करण्याचे काम हाती घेतले जाईल तेव्हा दरपत्रकाचे काय करायचे हा प्रश्न तिथे पहिला येणार आहे.